बारा वर्षांनी दिलेला चार्ज

आमच्या सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये शहाण्णव साली चार माणसं राहत होती: मी, आमचे हे, मुलगी उत्कर्षा आणि जॉन ॲडम्स. चौथ्याला मरून एकशे सत्तर वर्षं झाली होती, पण घरातली सगळ्यात जास्त जागा त्यानेच अडवली होती.

ॲडम्स म्हणजे अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष. पहिल्याचं नाव शाळेतल्या पोरालाही येतं. दुसऱ्याचं विचारलं की भलेभले खिडकीबाहेर बघायला लागतात. मलाही येत नव्हतं. आमचे हे, म्हणजे पद्माकर, आधी जहाजांवर आणि मग इथल्या एका शिपयार्डात इंजिनियर म्हणून जन्म काढून निवृत्त झाले. त्यानंतर एके दिवशी खलाशांच्या सीमेन्स क्लबच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काखोटीला मारून घरी आले. कुठल्यातरी जहाजावरून उतरताना कुणीतरी ते तिथे टाकलं होतं. पहिली नव्वद पानं फाटून गेली होती, त्यामुळे आमच्या ॲडम्सना बालपणच नव्हतं. ते घरात आले ते थेट टक्कल पडलेले आणि चिडलेले.

दुपारची जेवणं झाली की हे खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसत, पुस्तक पोटावर. नवव्या मजल्यावर वारा छान येई. खालच्या मुलांचा कलकलाट वर येता येता विरघळून जाई, समोरच्या ब्लॉकमध्ये बांबूंना अडकवलेले कपडे सावकाश हलत राहत आणि ह्यांचे डोळे मिटत. मग अर्ध्या झोपेत बोलणं सुरू होई.

"रत्ना, बर्फ थांबला वाटतं."

बाहेर तेहतीस डिग्री. मी भाजी निवडता निवडता म्हणे, "हो, थांबला. चहा टाकू?"

फोर्थ इंजिनियर असताना एकदा जानेवारीत ह्यांचं जहाज बॉस्टनला अकरा दिवस अडकलं होतं. तेवढ्या सामानावर ह्यांनी अख्खं मॅसॅच्युसेट्स उभं केलं होतं. ॲडम्सचं शेत, दगडी कुंपणं, लाकडी घर, घराच्या मागे समुद्र. त्या समुद्रात सिंगापूरच्या बंदराबाहेर नांगर टाकलेली जहाजं उभी असत, ह्याचं त्यांना काही वाटत नसे. कधीकधी मलाही ती दिसत. नवऱ्याबरोबर तीस वर्षं काढली की त्याची स्वप्नं थोडीफार आपल्याही डोळ्यांत उतरतात.

"पा इज गॉन अगेन लाह," कॉलेजातून आलेली उत्कर्षा बूट काढता काढता इथल्या इंग्रजीत म्हणायची आणि आपल्या खोलीत जायची.

ह्यांनी ते पुस्तक इंजिनियरच्या नजरेने वाचलं होतं. "हे बघ," ते सांगत, "फ्रान्सशी लढाई पेटणार होती. ह्याच्याच पक्षाचे लोक म्हणत होते, लढ, म्हणजे पुन्हा निवडून येशील. ह्याने वकील पाठवून तह केला. जहाज खडकावर जाऊ दिलं नाही. आणि त्याचं बक्षीस काय? उतरवला."

"आणि सरकारविरुद्ध लिहिणाऱ्यांना तुरुंगात घालायचा कायदा केला, तो?" मीही ते पुस्तक अधूनमधून चाळत असे. आपल्या घरात कोण राहतंय ते बाईमाणसाला माहीत असावं.

"ते चुकलंच," हे मान खाली घालून म्हणत. कायद्यावर ह्यांचीच सही असावी असा चेहरा करत.

निवडणुकीत ॲडम्सना हरवलं कुणी, तर जेफरसनने. त्यांचाच जुना मित्र, त्यांचाच उपाध्यक्ष. राजधानी नवी, अध्यक्षांचं घर अर्धवट बांधलेलं, सगळ्यात मोठ्या दालनात बायको कपडे वाळत घालायची. त्याच हिवाळ्यात दारूपायी एक मुलगा गेलेला. आणि मित्राच्या शपथविधीच्या दिवशी पहाटे चार वाजता हा गृहस्थ घोडागाडीत बसून निघून गेला. शपथविधीला थांबलाच नाही.

"पण एक गोळी सुटली नाही," हे म्हणत. "एका पक्षाच्या हातातून सत्ता दुसऱ्या पक्षाच्या हातात पहिल्यांदा गेली, आणि एक गोळी सुटली नाही. तेव्हापासून तिथे हरलेला माणूस सामान बांधतो आणि घर रिकामं करतो. केवढी मोठी गोष्ट मागे ठेवून गेला!"

त्या नोव्हेंबरात अमेरिकेत निवडणूक झाली. आमच्याकडे दुपार होती. टीव्हीवर हरलेला उमेदवार लोकांसमोर उभा राहून जिंकलेल्याचं अभिनंदन करत होता, हसायचा प्रयत्न करत होता. मी वळून पाहिलं तर ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अहो, तुमचा कोण लागतो तो?"

"तो थांबला, रत्ना," हे म्हणाले. "थांबून बोलला."

तेव्हा मला कळलं की गेलं वर्षभर आमच्या खिडकीत ॲडम्सचं नाही, विश्वासभावजींचं चाललं होतं.

विश्वासभावजी आणि हे एकाच बॅचचे. एकत्र शिकले, एकाच कंपनीत लागले, एकाच वर्षी चीफ इंजिनियर झाले. एकमेकांना पद्या आणि विश्वा. चौऱ्याऐंशी साली हे 'ईस्टर्न हेरॉन' नावाच्या जहाजावर चीफ होते. सिंगापूरला आल्यावर ह्यांनी सांगितलं की इंजिनचं काम केल्याशिवाय जहाज हलवणार नाही. तीन दिवस थांबवलं. कंपनीला ते रुचलं नाही. चौथ्या दिवशी तार आली: उतरा, तुमच्या जागी दुसरा चीफ येतोय. दुसरा म्हणजे विश्वासभावजी. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं, असं ह्यांना वाटलं. मलाही वाटलं.

जहाजावर एक रीत असते. जुना चीफ नव्याला चार्ज दिल्याशिवाय उतरत नाही. दोघं मिळून इंजिनरूम फिरतात, आणि जुना चीफ नोट्स लिहून देतो: काय बिघडलंय, काय रुसतं, कशावर डोळा ठेवायचा. कितीही भांडण असो, नोट्स द्यायच्याच. हे मात्र विश्वासभावजींना किनाऱ्यावरून आणणारी लाँच यायच्या आधीच दुसऱ्या लाँचने निघून गेले. नोट्स नाहीत, दोन शब्द नाहीत.

तिसऱ्या दिवशी जहाजाचा बॉयलर पेटवताना आगीचा लोळ बाहेर आला आणि विश्वासभावजींचा उजवा हात भाजला. ज्युनियरला पुढे न करता ते स्वतः पेटवायला गेले होते. मी तेव्हा ठाण्याला होते. फोनवर ह्यांच्याकडून बातमी कळली तेव्हा मी ह्यांना म्हणाले, "बरं झालं. देव बघतो सगळं." ह्यांनी विषय बदलला. मला वाटलं, मोठ्या मनाचे आहेत.

नंतर ह्यांनी ती कंपनी सोडली, शिपयार्डात लागले, आम्ही इथे आलो. पुढे विश्वासभावजीही किनाऱ्यावरच्या नोकरीत इथेच आले, हौगांगला. पण बारा वर्षांत ह्या घरातून त्या घरात कुणी गेलं नाही. मंडळाच्या गणपतीत ते नवराबायको दिसले की मी आरतीचं ताट दुसऱ्या बाजूला न्यायची. मी त्यांना चक्क पाण्यात पाहत होते.

टीव्हीवरच्या त्या दुपारनंतर आठवड्याभराने सेरंगून रोडच्या दुकानात मी कढीपत्ता बघत होते, तर शेजारी शैला. विश्वासभावजींची बायको. तोंड चुकवायला जागाच नव्हती.

"आम्ही जातोय परत," ती म्हणाली. "कायमचे. पुण्याला. एकवीस डिसेंबरचं विमान आहे." मग हळूच, "पद्माकरभावजी बरे आहेत ना?"

मी "हो" म्हणाले आणि कढीपत्ता न घेताच बाहेर आले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ह्यांची झोप वाढली. सकाळी चहा घेतला की खुर्ची, जेवलं की खुर्ची. उठवलं तर कुठून तरी लांबून परत आल्यासारखे बघत. एका दुपारी झोपेतून जागे झाले आणि स्पष्ट आवाजात स्वप्न सांगायला लागले. ते घोडागाडीत बसलेत. रस्ता काळाकुट्ट, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांऐवजी जहाजं नांगरलेली आहेत. प्रत्येक जहाजाच्या शिडीपाशी विश्वा उभा आहे. गाडी काही थांबत नाही. "किती जहाजं होती गं," ते म्हणाले. "संपतच नव्हती."

मी घाबरले. सरळ सांगते, मला वाटलं की विश्वासभावजींचं विमान उडेल आणि हा माणूस त्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही. बाकी राग, मान, कोण आधी बोलणार, सगळं माझ्या लेखी तिथेच संपलं. दुसऱ्या दिवसापासून हे आंघोळीला गेले की मी ते पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसायला लागले. अकरा वर्षं अबोला धरल्यावर ॲडम्सनी जेफरसनला पुन्हा पत्र लिहिलं होतं, एवढं मला माहीत होतं. ते कशाने जमलं, ते शोधायचं होतं.

सापडलं. दोघांचा एक मित्र होता, डॉक्टर. त्याने ॲडम्सना पत्रात लिहिलं: मला स्वप्न पडलं. स्वप्नात माझा मुलगा पुढच्या काळातला इतिहास वाचत होता, आणि त्यात लिहिलं होतं की ह्या दोन मित्रांचं पुन्हा जमलं, पत्रांवर पत्रं गेली, आणि शेवटी दोघं जवळजवळ एकाच वेळी कबरीत गेले. आणि पुढे खरंच तसं घडलं. पत्रं सुरू झाली, चौदा वर्षं चालली, आणि दोघं वारले तेही एकाच दिवशी, चार जुलैला.

डॉक्टरला जमतं तर मला का नाही? पहाटेचं स्वप्न खरं होतं असं माझी आई मानायची. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप ह्यांच्या हातात देऊन मी म्हणाले, "अहो, आज पहाटे मला एक विचित्र स्वप्न पडलं."

"काय?"

"आपली उत्कर्षा एक जाड पुस्तक वाचत होती. त्यात तुमचं आणि विश्वासभावजींचं लिहिलं होतं. की तुमचं पुन्हा जमलं, येणंजाणं सुरू झालं, आणि..." इथे मी थांबले. कबरीचं वाक्य काही तोंडातून निघेना.

ह्यांनी चहाचा घोट घेतला. "पान तीनशे बारा," ते म्हणाले.

माझा चेहरा पडला असणार. ते वर्षभर त्या पुस्तकात राहत होते आणि मी त्यांनाच त्यातलं स्वप्न विकायला निघाले होते!

"शेवटचं वाक्य गाळलंस," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी ह्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "आणि त्या डॉक्टरला तरी ते खरंच पडलं होतं की नाही, कोण जाणे."

"नसेना का पडलं! उपयोग झाला ना? त्यांना तीन वर्षं लागली पत्र लिहायला. आपल्याकडे तीन आठवडे आहेत."

त्यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "माफीचं पत्र मला लिहिता येणार नाही, रत्ना. पण माझा चार्ज द्यायचा राहिलाय."

आणि त्या दिवसापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर ह्यांनी 'ईस्टर्न हेरॉन'च्या नोट्स लिहायला घेतल्या. ते जहाज नव्वद सालीच भंगारात निघालं होतं. त्याचे पत्रे कापून, वितळवून आतापर्यंत कुणाच्या तरी इमारतीत सळया झाल्या असतील. ह्यांना त्याचं काही नाही. ते डोळे मिटून बसत, बोटं हवेत फिरवत शिड्या उतरत, डावीकडे वळत, एखाद्या पंपापाशी थांबत आणि डोळे उघडून एक कलम लिहीत. त्या आठ दिवसांत आमचा फ्लॅट हळूहळू पाण्यात उतरला. मी कुकर लावला की हे मान वर करून ऐकत आणि म्हणत, "स्टीम बरी आहे." मला फरशीखालून इंजिनाची धडधड यायला लागली. एकदा तर जिन्यात डिझेलचा वास आला आणि मी शेजारणीला विचारलंसुद्धा.

"पा, दॅट शिप इज डेड ऑलरेडी, राइट फॉर वॉट?" उत्कर्षाने विचारलं.

"चार्ज जहाजाला देत नाहीत," हे म्हणाले. "माणसाला देतात." ती त्यांच्याशेजारी बसली आणि पानांना नंबर घालून द्यायला लागली.

त्रेचाळीस कलमं झाली. शेवटचे दोन दिवस ह्यांनी कुणाला टेबलापाशी येऊ दिलं नाही. मग सगळी पानं खाकी पाकिटात घातली आणि माझ्यापुढे धरली. "पोस्टाने नको. हातात दे."

"तुम्ही चला की!"

"तो वाचत असताना माझ्याने समोर बसवणार नाही," ते म्हणाले. मी चिडले, आदळआपट केली, ॲडम्सचाही उद्धार केला, आणि शेवटी साडी बदलून निघाले.

पाया लेबारपर्यंत एमआरटी, म्हणजे इथली लोकल, आणि पुढे बस. गाडी दुपारची रिकामी होती. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. न चिकटवलेलं पाकीट मांडीवर घेऊन अर्धा तास बसणारी बाई अजून जन्माला यायची आहे. मी पानं काढली. नोट्स इंग्रजीत होत्या, पण लग्नानंतर पाचसहा वर्षं मी ह्यांच्याबरोबर जहाजांवर राहिले होते, त्यामुळे मला समजत होतं. तिसरा सिलिंडर जरा गरम चालतो, घाबरू नये. दोन नंबरचा जनरेटर सुरू करताना डाव्या अंगाला हाताने थोपटावं. कारण माहीत नाही, पण त्याशिवाय सुरू होत नाही. कुक रविवारी गोड करतो, नको म्हणू नये, रुसतो. मला हसू येत होतं. गाडी बोगद्यातून जमिनीवर आली, खिडकीतून ऊन पानांवर पडलं, आणि मी एकतिसाव्या कलमावर आले.

"बॉयलरच्या हवेचा डँपर (झडप) अर्ध्यात अडकतो. बाहेरचा काटा मात्र उघडा असल्याचं दाखवतो. काट्यावर विसंबू नये. पेटवण्याआधी दर वेळी डँपर हाताने उघडावा, नाहीतर आत तेलाची वाफ साठून आगीचा लोळ बाहेर येईल. ही गोष्ट फक्त मला आणि सेकंड इंजिनियरला माहीत आहे. सेकंडने राजीनामा दिला असून तो माझ्याबरोबर त्याच लाँचने उतरत आहे. जहाजावर ही गोष्ट माहीत असलेला कुणीही उरत नाही."

बत्तिसावं कलम पाण्याच्या टाकीबद्दल होतं.

पाया लेबारला मी उतरले आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले. एक गाडी गेली, दुसरी गेली. बारा वर्षं मी समजत होते की माझा नवरा दुखावला गेलाय. तो दुखावला नव्हता, तो लाजेने मरत होता. त्याला माहीत होतं. फोनवर मी "बरं झालं" म्हणाले तेव्हा त्याला माहीत होतं, आणि मी त्याला मोठ्या मनाचा म्हणत होते. मला त्याचा इतका राग आला की वाटलं, तशीच परत जावं आणि पाकीट त्याच्या अंगावर फेकावं. मग वाटलं, ते एक पान काढून घ्यावं. बेचाळीस कलमं दिली तरी मैत्री जुळेल, विमान उडेल, कुणाला काही कळणार नाही. पान मी बाहेर काढलंही होतं. घडी घालून पर्समध्येही ठेवलं.

मग डोळ्यांपुढे ते आठ दिवस आले. तो माणूस डोळे मिटून, एकेक शिडी उतरत, कशाकडे चालला होता ते. बाकीची बेचाळीस कलमं त्याने ह्या एकापर्यंत पोचायला लिहिली होती. मी पान पर्समधून काढलं, मांडीवर घासून घडी सरळ केली आणि पुन्हा जागेवर घातलं. बसमध्ये सगळ्या वाटेत मी रडत होते. शेजारच्या चिनी आजीने मला न विचारता टिश्यूचं पाकीट दिलं.

हौगांगच्या फ्लॅटचं दार शैलाने उघडलं. मला बघून तिच्या हातातला चिकटपट्टीचा रीळ खाली पडला. घरभर खोके. विश्वासभावजी एका खोक्यावर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. केस पांढरे, आणि उजव्या हाताची दोन बोटं सरळच.

"रत्नावहिनी!" ते उठले. "पद्या बरा आहे ना?"

"बरे आहेत. हे दिलंय तुमच्यासाठी." मी पाकीट पुढे केलं. शैला चहा टाकायला आत गेली.

त्यांनी वरचं पान बाहेर काढलं. जहाजाचं नाव वाचून माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, हे जहाज भंगारात गेलं."

"त्यांना माहीत आहे."

ते चष्मा शोधून आले, खोक्यावर बसले आणि वाचायला लागले. पहिल्यापासून, एकेक ओळ, खरोखर उद्या त्या जहाजावर जायचं असावं तसं. जनरेटरच्या कलमाला मोठ्याने हसले. "थोपटायचं होतं होय! आणि मी तीन दिवस फिल्टर बदलत बसलो होतो!" मी हसले नाही. मी पानं मोजत होते. ते एकतिसाव्या कलमावर आले तेव्हा पानाच्या घडीवरून मला कळलं. त्यांनी ते वाचलं. पान डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा वाचलं. मग उजवा हात मांडीवर ठेवून ते खिडकीकडे बघत राहिले. समोरच्या मैदानात मुलं फुटबॉल खेळत होती. आत कपबशा वाजल्या. मला वाटलं, आता हे उठतील आणि मला बाहेर जायला सांगतील, आणि ते बरोबरच असेल.

"भावजी," मी म्हणाले, "तुम्ही भाजलात तेव्हा मी 'बरं झालं' म्हणाले होते. तेही ह्यात लिहून घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बत्तिसावं वाचलं. तेहेतिसावं. थेट त्रेचाळिसावं संपेपर्यंत सगळं वाचलं. मग पेन मागितलं. नवा चीफ खाली सही करतो, की चार्ज पूर्ण मिळाला, तक्रार नाही. त्यांनी तसं लिहिलं. पेन दोन ताठ बोटांच्या मध्ये धरून लिहायला त्यांना वेळ लागला. तारीख त्यांनी चौऱ्याऐंशीची घातली.

"पद्याला एक सांगा," कागद माझ्या हातात देत ते म्हणाले. "डँपरचं मला सेकंडने सांगितलं होतं. मीच घाईत विसरलो."

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडाने कधी ऐकलंय माझं? "सेकंड ह्यांच्याबरोबरच उतरला होता, भावजी. तिथे लिहिलंय."

"वाचलं ना मी." त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. त्याला तर सगळ्यात आधी माहीत आहे. तरी सांगा."

मी क्वीन्सटाउनला परत आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. हे लिफ्टपाशीच उभे होते, घरच्या चपला घालून. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी कागद दिला. त्यांनी सही पाहिली, तारखेवरून अंगठा फिरवला.

"काही म्हणाला?"

"म्हणाले, डँपरचं त्यांना सेकंडने सांगितलं होतं. तेच घाईत विसरले."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"कधी सांगितलं?" त्यांनी विचारलं. इंजिनियर तो इंजिनियरच.

"लाँचमध्ये चढायच्या आधी," मी पदरचं घातलं. "चिठ्ठी ठेवून गेला होता म्हणे."

ह्यांचा चेहरा वाकडातिकडा झाला. भिंतीला हात टेकून ते रडायला लागले, मोठ्याने. शेजारची दारं उघडली आणि मी हाताने सगळ्यांना सांगितलं की काही नाही, काही नाही. खूप वेळाने त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"हो," ते म्हणाले. "सेकंड चांगला माणूस होता. तो सांगितल्याशिवाय उतरलाच नसता."